लोडरचं इंजिन खोलण्याआधी

"मिस्त्री, इंजिनचं काम काढायचंय. रिंग-पिस्टन, बोअरिंग, सगळंच. किती दिवस मशीन उभं राहील?" कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून एका लोडर मालकांचा फोन आला. मी विचारलं, मशीन नेमकं करतंय काय? म्हणाले, सकाळी पहिल्या सेल्फला चालू होतं, वीस-पंचवीस मिनिटं व्यवस्थित माल भरतं, मग दम तोडत बंद पडतं. दहा मिनिटं गप्प उभं केलं की पुन्हा चालू.

रिंगा गेलेलं इंजिन दहा मिनिटं विसावा घेऊन बरं होत नसतं. एवढं ऐकूनच म्हटलं, "मालक, अजून एकाही नटाला पाना लावू नका. येतोय मी." जाऊन आधी डिझेलची टाकी रिकामी केली. तळाशी कॅनच्या बुचाखालच्या सीलची चंदेरी चकती सापडली, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. इंजिन चालू असताना डिझेल ओढलं जातं, त्या ओढीनं ही चकती सरकत सरकत नळीच्या तोंडावर जाऊन चिकटायची. डिझेल तुटलं की इंजिन बंद. ओढ थांबली की चकती सुटून खाली बसायची, आणि मशीन पुन्हा चालू. एवढ्याशा चकतीपायी त्या माणसाचं सगळं इंजिन खोललं जाणार होतं.

उद्यमनगरात इतकी वर्षं ही कामं करून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. छोट्या लोडरचं इंजिन सहसा म्हातारपणानं जात नाही. बाहेरून त्यात काहीतरी शिरतं, धूळ, पाणी, घाण डिझेल. नाहीतर आतली उष्णता बाहेर पडायची वाट बुजते. म्हणून खोलण्याआधी आत काय जातंय आणि बाहेर काय येतंय ते बघायचं. हा लेख त्यासाठीच आहे, मालकांसाठी आणि त्याहून जास्त ऑपरेटरसाठी.

"ओढत नाही" म्हणजे कोण ओढत नाही?

स्किड स्टिअर लोडर, म्हणजे पुढं बकेट लावलेला हा छोटा लोडर, कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडं लोक त्याला बॉबकॅटच म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी १९५७ साली टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी, खुराड्यातली घाण काढायला, तीन चाकांचा छोटा लोडर करून दिला. तिथून हा प्रकार सुरू झाला. मशीन जन्मलंच अडचणीच्या जागेसाठी, आणि त्याचं इंजिनही अडचणीतच बसवलेलं असतं. मागच्या पेटीत, दोन्ही अंगाला चेनकेस, म्हणजे चाकांच्या साखळ्यांच्या पेट्या, पुढं हायड्रॉलिक पंप, पाठीशी किंवा डोक्यावर रेडिएटर. हात घालायला जागा नाही आणि हवा खेळायलाही फार जागा नाही. या मशीनची निम्मी दुखणी त्या पेटीतून येतात.

यात ट्रॅक्टरसारखा क्लच-गिअरबॉक्स नसतो. इंजिनचं काम एकच, पंप फिरवणं. डाव्या चाकांना एक पंप, उजव्या चाकांना दुसरा, आणि आर्म-बकेटसाठी तिसरा. पुढची सगळी ताकद तेलाच्या दाबातून चाकांपर्यंत जाते. त्यामुळं "मशीन ओढत नाही" म्हटलं की पहिला प्रश्न हा, की दमतंय कोण? इंजिन की हायड्रॉलिक?

हे ओळखायला कसलंही यंत्र लागत नाही. मशीन नीट गरम होऊ द्या, थ्रॉटल पूर्ण उघडा, बकेट ढिगात घाला आणि कान इंजिनकडं ठेवा. इंजिनचा आवाज दबला नाही, आरपीएमचा काटा जागचा हलला नाही, तरी मशीन पुढं सरकत नाही, तर इंजिनचा काही दोष नाही. पंप, ड्राइव्ह मोटर, रिलीफ व्हॉल्व्ह, नाहीतर तुंबलेला हायड्रॉलिक फिल्टर, तिकडं बघा. काटा पडला आणि सायलेन्सरमधून काळा धूर आला, तर डिझेल भरपूर मिळतंय पण हवा कमी पडतेय. आणि काटा पडला, आवाज बसला, पण धूरच नाही, तर डिझेल पोचत नाहीये. शिरोलीचं मशीन या तिसऱ्या जातीतलं होतं.

हवा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे बहुतेकांना माहीत असतं; पण मग पेटतं कसं, इथं बरेच जण थांबतात. सायकलच्या पंपात जोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक तापतं, तेच इथं होतं. पिस्टन वर येताना हवा तिच्या मूळ जागेच्या अठराव्या-विसाव्या भागात दाबतो. तेवढ्या दाबानं ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढं तापते. नेमक्या त्या क्षणाला नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं आणि फवारा आपोआप पेटतो. म्हणजे या इंजिनाची काडेपेटी हवाच आहे. कंप्रेशन गेलं की काडी ओली झाली.

आता थोडा हिशोब. सव्वादोन लिटरचं इंजिन २६०० आरपीएमला मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर हवा ओढतं. आठ तासांच्या पाळीत बारा लाख लिटरच्या आसपास. आणि आपले लोडर फिरतात कुठं? फाउंड्रीत वाळूच्या ढिगांत, क्रशरवर दगडाच्या कचमध्ये, वीटभट्टीवर, नाहीतर जांभ्याच्या लाल धुरळ्यात. फाउंड्रीची वाळू म्हणजे सिलिका. ती सिलिंडरच्या बिडाच्या लायनरपेक्षा कठीण असते. चिमूटभर रोज आत गेली तर रिंग आणि लायनर यांच्यात पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. असं 'धूळ खाल्लेलं' इंजिन मी नव्या मशीनचंही बघितलंय. अवर मीटरवर हजार तास सुद्धा नव्हते.

फिल्टर बसवलेला असूनही धूळ आत जाते, कारण ती फिल्टरमधून जात नाही, फिल्टरला वळसा घालून जाते. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंत जो रबरी पाइप जातो, त्याचा क्लॅम्प ढिला होतो, नाहीतर पाइपला खालच्या अंगाला चीर पडते. वरून सगळं धडधाकट दिसतं. मी प्रत्येक सर्व्हिसिंगला तो पाइप सोडतो, आतून बोट फिरवतो आणि उजेडात धरतो. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं तर मन निवांत. बोटावर पिठासारखी लालसर धूळ आली तर पाइपच्या आत ती रेघ कुठून सुरू होते ते बघत मागं जायचं. जिथं रेघ उगवते तिथंच भोक असतं. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या मते सगळ्या सर्व्हिसिंगमध्ये एवढं एकच करायला वेळ असेल, तर हे करा.

फिल्टर साफ करताना तो टायरवर आपटायची सवय आपल्याकडं सगळीकडं आहे. कृपा करून सोडा. आपटल्यानं कागदाच्या घड्या टोकाला फाटतात, रबरी कडा वाकडी होते आणि मग तो फिल्टर नावालाच उरतो. हवा मारायची असेल तर आतून बाहेर, दोन किलोच्या आतल्या दाबानं, नळी लांब धरून. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचाच नसतो, तो बदलायचा असतो. आणि फिल्टर तुंबल्याचा इंडिकेटर लाल झाल्याशिवाय रोज उठून फिल्टर काढूही नका. प्रत्येक वेळी काढताना थोडी धूळ आत पडतेच.

उष्णता

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की माझ्याकडं येणारी दुखणी बदलतात. साखर कारखान्यांच्या यार्डात लोडर बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, ओढायला लागतात, आणि "मशीन हीट होतंय" हे पालुपद सुरू होतं. बगॅसचा भुसा हलका, तंतुमय. पंखा तो ओढतो आणि हायड्रॉलिक ऑइल कूलर व रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत त्याची गादी तयार होते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. ऑपरेटर शपथेवर सांगतो, "मिस्त्री, सकाळीच हवा मारलीया की." खरंच मारलेली असते, पण पुढून मारलेली, म्हणजे भुसा आणखी आत ठासलेला. पंखा हवा कुठून ओढतो आणि कुठं फेकतो ते मशीनगणिक वेगळं असतं. कागदाचा तुकडा धरून आधी दिशा ओळखा, मग उलट्या बाजूनं हवा मारा. कूलर उचलता किंवा बाजूला करता येत असेल तर करूनच. प्रेशर वॉशर तिरका धरला तर फिन्स आडव्या होतात आणि तेवढा रेडिएटर कायमचा बंद.

हीट होतंय म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकणं हा आपल्याकडचा जुना इलाज आहे. तो इलाज नाही. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हलक्या कामावर थंडच राहतं. थंड लायनरवर डिझेल अर्धवट जळून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. खराब थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून बघा, उघडला नाही तर नवा घाला. नुसतं बोअरवेलचं पाणी भरत राहणं त्याच जातीचं. त्याचा क्षार वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेत, थरावर थर बसतो, आणि तो थर उष्णता अडवतो. कूलंट आणि क्षार काढलेलं शुद्ध पाणी निम्मं-निम्मं, हे महाग वाटतं, पण हेडच्या फेसिंगपेक्षा स्वस्त पडतं.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघालं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं.

बगॅसच्या यार्डात आणखी एक धोका आहे. भुसा इंजिनच्या पोटाखालच्या पत्र्यावर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आजूबाजूला साठतो. तो पूर्ण वाळलेला असतो. त्यात ऑइल गळत असेल तर आग लागायला ठिणगीही लागत नाही. पाळी संपली की खालचा पत्रा उघडून झाडायचा, रोज. यात आज-उद्या करू नका.

धुराचा रंग

काळ्या धुराचं वर आलं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय; पण म्हणून लगेच रिंगा गेल्या असं नाही. टर्बो असेल तर आधी त्याचा पाइप सोडून आत ऑइल ओघळलंय का बघा. रिंगांची शंका असेल तर इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. झाकण थाडथाड उडायला लागलं, तोंडातून धूर फेकायला लागला, तर कंप्रेशन खाली उतरतंय. पांढऱ्या धुरात दोन प्रकार. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास येणारा पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल: हीटर प्लग, टायमिंग किंवा कंप्रेशन. वास नसलेला, वाफेसारखा, थांबतच नाही असा पांढरा म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये. मग गार इंजिनाचं रेडिएटर झाकण काढून चालू करा आणि बुडबुडे बघा. हेड गॅस्केट गेलं असेल तर ते तिथं दिसतं.

डिपस्टिकही रोज बोलत असते. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं तर पाणी. पातळी वाढली आणि वास डिझेलचा, तर डिझेल. पातळी वाढली म्हणून खूश होणारे ऑपरेटर मी बघितलेत, म्हणून सांगतो.

या सगळ्यानंतरही शंका राहिली, तर कंप्रेशन गेज लावायचा. छोट्या डिझेल इंजिनात साधारण तीस किलोच्या आसपास आकडा येतो, पण नेमका किती हवा ते त्या इंजिनाच्या पुस्तकात बघावं. त्या आकड्याइतकाच सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक बोलका असतो. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला की एका घरात, म्हणजे एका सिलिंडरमध्ये, दुखणं आहे. तिथंही आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, तपासा. साधारण ०.२ मिलिमीटर क्लिअरन्स असतो, थंड इंजिनावर. तो संपला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कंप्रेशन जातं. फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातीनं, बरं होणारं इंजिन बोअरिंगला नेऊ नये.

डिझेल

डिझेल पंपातलं एलिमेंट, म्हणजे आतला दट्ट्या, आणि तो ज्यात सरकतो तो बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची जागा असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. एवढ्या बारीक फटीतलं वंगण म्हणजे डिझेलच. त्यात पाणी किंवा माती आली की एलिमेंट ओरबाडतं, आणि मग पंपवाल्याकडं कॅलिब्रेशनला जायची वेळ येते. साइटवर बॅरलमधून डिझेल भरत असाल तर बॅरल रात्रभर तिरका उभा ठेवा, गाळ एका कडेला बसू द्या आणि शेवटचं हातभर डिझेल घेऊ नका. पावसाळ्यात टाकी संध्याकाळी भरून ठेवा. अर्धी टाकी रात्री गार पडली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. सकाळी सेल्फ मारण्याआधी डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचा खालचा स्क्रू सोडून पारदर्शक ग्लासात थोडं डिझेल काढा. तळाला पाण्याचे थेंब मण्यांसारखे वेगळे दिसतात.

डिझेल संपून बंद पडलं की लाइनमध्ये हवा धरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही, म्हणून हवेचा बुडबुडा असेल तर नोझल उघडत नाही. फिल्टरवरचा एअर स्क्रू सोडून हातपंप मारायचा, फेस थांबून सलग धार आली की स्क्रू आवळायचा. सलग सेल्फ मारत बसू नका. दहा-पंधरा सेकंद मारा, मग मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ मोटर जळते.

जुन्या मेकॅनिकल इंजिनात एकेका नोझलचा नट सैल करून मिसिंग, म्हणजे कुठलं घर पेटत नाही ते, शोधतात. ज्या घराचा नट सोडल्यावर आवाजात फरकच पडत नाही, ते घर आधीच मेलेलं. पद्धत चांगली आहे, पण चष्मा घाला आणि लिकेज बघायला हात धरू नका, पुठ्ठा धरा. जुन्या नोझलमध्ये सुद्धा शंभर-दोनशे किलोचा दाब असतो. बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि काही तासांत आतलं मांस सडायला लागतं. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, थेट सर्जनकडं जा आणि डिझेल टोचलंय हे स्पष्ट सांगा.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथं सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिथं, ही नट सैल करायची पद्धत पूर्ण बंद. तिथला दाब दीड-दोन हजार किलोपर्यंत जातो. बांधकाम मशीनसाठीचे भारत स्टेज चारचे धुराचे नियम एप्रिल २०२१ पासून आणि स्टेज पाचचे जानेवारी २०२५ पासून लागू झाले, त्यामुळं नव्या मशिनांत इलेक्ट्रॉनिक्स आणि धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ वाढत जाणार. डीपीएफ भरला की इंजिन स्वतःच काजळी जाळतं, ज्याला रीजनरेशन म्हणतात. तेव्हा एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. दिवा लागला की मशीन बगॅसपासून, वाळलेल्या गवतापासून लांब मोकळ्या जागेत न्या आणि ते काम पुरं होऊ द्या. ऑइलही कमी राखेचं, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये बसून राहते.

आणि केबिन उलटून किंवा मागचं दार उघडून कुठलंही काम करताना, आर्म वर असतील तर लॉक लावल्याशिवाय त्याखाली वाकायचं नाही. हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीच नाही.

पुरात उभं राहिलेलं मशीन

हे कोल्हापुरात लिहिताना टाळून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळेला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला लोडर हवे होते, आणि बरेच लोडर स्वतःच पाण्यात उभे राहिलेले. लोकांना घाई होती, ती समजण्यासारखी होती. पण बुडालेल्या मशीनला लावलेला पहिला सेल्फच त्याचा घात करतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, फ्लायव्हील थांबत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो.

मी पाण्यातून काढलेल्या एका मशीनवर दोन दिवस काम केलं. पहिल्यांदा बॅटरीच्या वायरी सोडल्या. एअर क्लीनर उघडला, आतला कागद लगदा झालेला. चारही नोझल काढली. मग सेल्फला हात न लावता क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. पहिल्या घरातून काही आलं नाही. दुसऱ्यातून मातकट पाण्याची पिचकारी थेट छपराच्या पत्र्यापर्यंत गेली. तिसऱ्यातून थोडंसं, चौथं कोरडं. नोझल काढलेली होती म्हणून ते पाणी निघून जायला वाट मिळाली. ती न काढता सेल्फ मारला असता तर दुसऱ्या घराचा रॉड गेलाच असता.

नंतर प्रत्येक घरात थोडं ऑइल ओतून पुन्हा फिरवलं. इंजिनच्या तळाच्या ऑइल संपमधून आधी पाणी आलं, मग राखाडी चिकट ऑइल. टाकी, फिल्टर, पाइप, हायड्रॉलिकची टाकी, सगळं रिकामं करून धुतलं. नवं ऑइल घालून इंजिन तासभर नुसतं चालवलं, गरम असतानाच ते ऑइल काढून टाकलं, फिल्टरसकट. दुसरं भरलं, दहा तासांनी तेही काढलं, तेव्हा त्यात राखाडी झाक उरली होती. पन्नास तासांनी काढलेलं ऑइल वापरलेल्या डिझेल ऑइलसारखं नीट काळं होतं, तेव्हा कुठं मालकांना म्हटलं, आता लोड द्या.